वर्तमानपत्राचं कव्हर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

१९९६च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मेळाव्याचं ठरलं तेव्हा आयोजकांचा फोन आला. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, एवढं सांगितलंस तरी पुष्कळ झालं." मी म्हटलं, ते मलाच माहीत नाही, तुम्हाला काय सांगू? त्यापेक्षा मला पुस्तकांवरच्या चित्रांबद्दल बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं. पण वीसच मिनिटं हं. जेवण एकला आहे." तेव्हा मी वेळ पाळते.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी आम्ही वटारच्या घराचा माळा साफ केला. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. आईने पत्र्याची एक ट्रंक दाखवली आणि म्हणाली, "ही तेवढी तू बघ. त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता." आम्हाला वाटलं जमिनीचे कागद असतील. उघडली तर त्रेचाळीस पुस्तकं. सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, शाळेच्या पुस्तकांना घालायचो तशी, कोपरे नीट दुमडून. वर कुठेही पुस्तकाचं नाव नाही. पाठीवर फक्त पेन्सिलीने एक ते त्रेचाळीस आकडे.

पहिलं कव्हर काढलं. आत चकचकीत रंगांचं चित्र. हॅट घातलेला देखणा पुरुष, हातात पिस्तूल, मागे घाबरलेली एक सुंदर बाई, आणि वर ठळक अक्षरात नाव : बाबूराव अर्नाळकर.

इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय मला. तुम्हाला ओळख करून द्यायची गरज नाही. पण मागच्या बाकांवर आपली मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. जन्म १९०६चा. लिहिताना घेतलेल्या नावात आपल्या शेजारचं अर्नाळा. इथून सायकल काढली तर अर्ध्या तासात किनाऱ्यावर पोचतो ते अर्नाळा. या माणसाने मराठीत हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. गिरणीतला कामगार, दुकानातला नोकर, लोकलने जाणारा कारकून, दुपारी आडवी झालेली गृहिणी, सगळे ती वाचायचे. ज्या वर्षी आपण दहावी दिली त्याच वर्षी अर्नाळकर गेले. आपल्याला निबंधाला 'माझा आवडता लेखक' आला असता तरी त्यांचं नाव लिहायची आपल्यापैकी कुणाची छाती झाली नसती. का झाली नसती, तेच मला आज बोलायचं आहे.

अर्नाळकरांच्या पुस्तकांवरची चित्रं ज्यांनी लोकांच्या डोळ्यांत भरवली ते रघुवीर मुळगावकर. गोव्यातले. जन्म १९१८, मृत्यू १९७६. त्यांच्या दोन वर्षं आधी जन्मलेले दीनानाथ दलालही गोव्यातलेच, मडगावचे. एके काळी मराठी मासिकांची आणि कादंबऱ्यांची मुखपृष्ठं म्हटली की ही दोन नावं पुढे यायची. दलालांनी 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'. मुळगावकरांची खासियत म्हणजे रंगाचा मऊपणा. रंगाचा बारीक फवारा मारून ते चेहरा असा घडवत की कडा दिसतच नसत, गालावरून उजेड ओघळल्यासारखा वाटे. झुंजार आणि काळापहाड कसे दिसतात हे वाचकांना त्यांच्या चित्रांतून कळलं.

आता जरा असं बघा. एका लेखकाची हजार पुस्तकं आहेत. दर महिन्याला नवी येताहेत. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर माणूस उभा आहे, त्याची गाडी दोन मिनिटांत सुटणार आहे. त्याला नाव आठवत नाही, कुठलं वाचलंय कुठलं नाही तेही आठवत नाही. त्याच्या हाताला बरोबर पुस्तक लागायचं तर कसं लागणार? चित्रानेच. रंग बघितला, हॅट बघितली, हात पुढे गेला, पैसे दिले, गाडी पकडली. आम्ही मोबाइलच्या अ‍ॅपचं आयकॉन ठरवताना याच गोष्टीवर महिना महिना बैठका घेतो. बोटाने विचार न करता बरोबर जागी जावं, एवढंच त्या आयकॉनचं काम. मुळगावकरांनी हे ब्रशने करून दाखवलं होतं.

पण जे चित्र पुस्तक विकतं तेच पुस्तकाची जागाही ठरवतं. ते वाचणाऱ्याला सांगतं की हे भराभर वाचायचं आहे, पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायचं नाही. न वाचणाऱ्यालाही ते काहीतरी सांगतं : हे तुझ्यासाठी नाही. आणि घरातल्या बाईला सांगतं की हे पुस्तक पाहुणे येतात त्या खोलीत ठेवायचं नाही. एकही पान न उघडता एवढे सगळे निर्णय झालेले असतात. अर्नाळकरांना वाचून नावं ठेवणारे किती असतील मला माहीत नाही, पण नुसतं बघून नावं ठेवणारे पुष्कळ होते. त्यातली एक व्यक्ती मला चांगली आठवते. तिच्याकडे मी येतेच.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. सगळा दोष मुखपृष्ठाचा नाही. अर्नाळकर प्रचंड वेगाने लिहीत. त्यांच्या कथांवर इंग्रजी रहस्यकथांची दाट सावली आहे. कागद हलका, छपाई स्वस्त. आणि मराठीत रहस्यकथा या प्रकाराकडेच समीक्षकांनी फारसं गंभीरपणे पाहिलं नाही, मग लेखक कुणीही असो. ट्रंकेतली पुस्तकं या वर्षभरात मी वाचून काढली. काही फारच साधी आहेत, काहींचा शेवट पाचव्या पानावरच कळतो. पण काही अशी आहेत की रात्री दोनपर्यंत मी दिवा मालवला नाही. आणि भाषा! छोटी, स्वच्छ, धावती वाक्यं. शब्द अडत नाही कुठे. चौथी शिकलेल्या माणसाला सलग शंभर पानं वाचायला लावणं हे सोपं काम नाही. ज्यांना वाटतं सोपं आहे त्यांनी एकदा लिहून बघावं.

गंमत अशी की याच मुळगावकरांच्या हातची देवदेवतांची चित्रं कॅलेंडरांवर छापून घराघरात गेली. आमच्या ओटीवर त्यांची लक्ष्मी होती. वर्ष संपलं तरी आजीने ते कॅलेंडर काढू दिलं नाही. खालच्या तारखा कापून टाकल्या आणि चित्राला चौकट केली. हात तोच, रंगाचा मऊपणा तोच, गालावरचा उजेड तोच. एकाला उदबत्ती मिळाली, दुसऱ्याला माळ्यावरची ट्रंक. म्हणजे चित्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता. कुठल्या प्रकारच्या वस्तूवर ते आहे, त्यावर सगळं ठरत होतं.

हे फक्त मराठीत झालं असं समजू नका. शेरलॉक होम्स सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यासमोर कोण आला? पुढे-मागे टोक असलेली ती टोपी घातलेला, उंच, रुबाबदार माणूस. आता कॉनन डॉइलच्या कथेत बघा, तिथे नुसती डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे. १८९१मध्ये लंडनच्या स्ट्रँड मासिकात या कथा येऊ लागल्या तेव्हा सिडनी पॅजेट नावाच्या चित्रकाराने त्याला ती शिकाऱ्याची टोपी घातली. खरं तर मासिकाला हे काम पॅजेटच्या भावाला, वॉल्टरला द्यायचं होतं. पत्र चुकून सिडनीच्या हातात पडलं. मग सिडनीने होम्स काढताना त्या भावाचाच चेहरा समोर ठेवला, असं सांगतात. भाऊ देखणा होता, म्हणून होम्स देखणा झाला. डॉइलने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय की त्याच्या मनातला होम्स एवढा सुंदर नव्हता. पण लोकांनी लेखकाचं ऐकलं नाही, चित्राचं ऐकलं. डॉइलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी ओळखलं जावं असं फार वाटे. त्या कादंबऱ्या आज किती जणांनी वाचल्या आहेत? त्या टोपीने त्याला जगभर नेलं, आणि त्या टोपीतून त्याला कधी बाहेरही पडू दिलं नाही.

आता उलट बाजूचं उदाहरण देते, आपल्या भाषेतलं. जयवंत दळवी. 'चक्र' ही झोपडपट्टीवरची कादंबरी त्यांची, १९६३ची. वाचून माणूस दोन दिवस गप्प बसतो. आणि 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावाने साहित्यिकांची टिंगल करणारं सदर लिहिणारेही दळवीच. या ठणठणपाळाला रूप दिलं वसंत सरवटे यांनी. त्यांनी काढलेलं ते व्यंगचित्र इतकं चपखल होतं की लोकांना ठणठणपाळ नावाचा खराच एक माणूस आहे असं वाटू लागलं. लेखक एकच. एका चित्राखाली तो खोडकर विदूषक, दुसऱ्या मुखपृष्ठाखाली गंभीर कादंबरीकार. वाचकाचा गोंधळ झाला नाही, कारण चित्राने दारातच सांगून ठेवलं होतं की आत कसं शिरायचं, चपला काढून की चपलांसकट.

सरवट्यांबद्दल आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. ते इंजिनीअर होते! स्थापत्य अभियंता. एसीसी सिमेंट कंपनीत नोकरी करून त्यांनी हे सगळं केलं. इंजिनीअरिंगला गेलं की साहित्य-बिहित्य विसरायचं, असं मला बारावीनंतर ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं, त्या सर्वांना मी सरवट्यांचं नाव सांगते.

दुसरं उदाहरण पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'चं, १९६०चं. त्यातली चित्रं शि. द. फडणीसांची. आपल्यापैकी कित्येकांनी फडणीसांची चित्रं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत बघितली असतील, चित्रकाराचं नाव माहीत नसताना. 'अपूर्वाई' हे विलायतेचं प्रवासवर्णन आहे. त्यात बिग बेनचे आणि राजवाड्यांचे फोटो घातले असते तर ते माहितीचं पुस्तक झालं असतं, परदेशी जाऊन आलेल्या मोठ्या माणसाचं. फडणीसांच्या रेषेने तसं होऊ दिलं नाही. जाणारा माणूस आपल्यासारखाच बावचळलेला आहे, हे त्या रेषा बघूनच कळतं. वाचक हसायच्या तयारीने पहिलं पान उलटतो. पुलंचं लिखाण थोर आहे, त्यात चित्राने भर घातली असं मी म्हणणार नाही. पण ते कुठल्या सुरात वाचायचं, तो सूर चित्राने आधी लावून दिला.

या सगळ्यावरून मला एक गोष्ट पटली आहे. पुस्तकाचा पहिला वाचक चित्रकार असतो, आणि त्याचं मत सगळ्यांच्या आधी छापलं जातं, तेही मुखपृष्ठावर. समीक्षक नंतर येतो. तोपर्यंत लेखकाचं घर कुठल्या आळीत आहे हे ठरून गेलेलं असतं. अर्नाळकरांना एक असा चित्रकार मिळाला ज्याने त्यांना लाखो लोकांपर्यंत नेलं. तोच चेहरा, तीच हॅट, तेच पिस्तूल प्रत्येक पुस्तकावर येत गेलं, आणि 'सगळी एकसारखीच असतात ती' असं न वाचणाऱ्यांनी म्हणायला सुरुवात केली. हजार पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचं या चित्रांनी एकच पुस्तक करून टाकलं.

आपल्या या पट्ट्याला साहित्याचं वावडं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. इथल्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२०मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या दिवशी आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केवढा आनंद होता! कुपारी, वाडवळ, आगरी, सगळ्यांनी ते पद आपल्या घरी आल्यासारखं साजरं केलं. ते योग्यच होतं. पण अर्नाळ्याचं नाव आपल्या नावात घेऊन मराठी घराघरात पोचवणाऱ्या माणसासाठी आपण या शाळेत कधी एक फळा तरी लिहिला का? संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत अर्नाळकर नाहीत, याची मी तक्रार करत नाही. त्यासाठी वेगळी मोजपट्टी असते. शाळेच्या कपाटात ते नाहीत, एवढंच मला खुपतं.

आता त्या व्यक्तीकडे येते.

आपण आठवीत होतो. बाबांच्या उशाखालचं एक पुस्तक मी दप्तरात घालून आणलं होतं. ऑफ तासाला वाचत होते. तास ऑफ नव्हता असं नंतर कळलं. आमच्या एका शिक्षकांनी ते काढून घेतलं, मुखपृष्ठ वर्गाकडे केलं आणि विचारलं, "मुलीने वाचायचं पुस्तक आहे का हे?" वर्ग हसला. तुमच्यातले बरेच जण हसले होते, आता माना खाली घालू नका. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती, चित्र बोलत होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं.

बाबा पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जायचे. त्या दिवशी खाडा करून आले. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं, सर. परत नाही होणार." पुस्तक माझं आहे, असं ते म्हणाले नाहीत. सरांनी सहज विचारलं, "घरी वाचनाची सवय आहे का कुणाला?" बाबा म्हणाले, "नाही सर. आम्ही कुठलं वाचायला!"

मला त्या वयातही आश्चर्य वाटलं होतं. कारण बाबा रोज रात्री वाचायचे. वाडीचं पाणी आटोपलं, जेवण झालं, की कंदील असो की दिवा असो, तासभर पुस्तक. दादरच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचे, आठवड्याला एक तरी. ते खोटं बोलताहेत असं मला वाटलं. आज कळतं, ते खोटं बोलत नव्हते. आपण जे वाचतो त्याला वाचन म्हणत नाहीत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. वर्गाकडे फिरवलेल्या त्या एका मुखपृष्ठाने सांगितलं.

शिक्षकांना मी दोष देत नाही. तुमचं-आमचं इंग्रजी त्यांनीच घासून घेतलं, म्हणून मी आज उभी आहे. आणि मी तरी कुठली शहाणी? दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी जपानी मंगा वाचत होती. मोठे डोळे, उभे केस, रक्ताचे शिंतोडे. मी मुखपृष्ठ बघितलं आणि म्हटलं, "जरा चांगलं वाच की काहीतरी." ती म्हणाली, "तू वाचलंयस?" मी गप्प. मग वाचलं. ते एका मुलाच्या आईच्या मरणाबद्दल होतं. चांगलं होतं.

तर, ट्रंकेकडे परत येऊ. पहिल्यांदा मला वाटलं, बाबांनी ही कव्हरं पुस्तकं जपायला घातली. माणूस नीटनेटका होता. मग एकेक कव्हर काढताना मी त्या वर्तमानपत्रांवरच्या बातम्या वाचू लागले. पहिल्यावर किल्लारीच्या भूकंपाचे फोटो. दुसऱ्यावर भूकंपग्रस्तांना मदतीचं आवाहन. तिसऱ्यावर मृतांचे आकडे. चौथं, पाचवं, दहावं, सगळीकडे तेच. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. म्हणजे ही सगळी कव्हरं ऑक्टोबर १९९३च्या पहिल्या आठवड्यातली. वर्षानुवर्षं एकेक करून घातलेली नव्हती. एकाच बैठकीत घातली होती.

आपण आठवीत होतो ते वर्ष हेच. बाबांना शाळेत बोलावलं त्याच आठवड्यातलं.

माझी मान खाली जाऊ नये म्हणून त्या माणसाने रात्री बसून आपल्या सगळ्या पुस्तकांचे चेहरे झाकले. टाकून दिली नाहीत. विकली नाहीत. झाकली, आणि पाठीवर आकडे घातले, म्हणजे आपल्याला सापडावीत. त्यानंतरही ते वाचत राहिले असणार, कारण काही कव्हरांच्या कडा हाताळून मऊ झाल्या आहेत. पण आमच्यासमोर नाही. तेवढ्या वर्षांत मी इंजिनीअर झाले, पुण्याला गेले, परदेशी जाऊन आले. घरी आले की मी त्यांना सांगायचे, "बाबा, काहीतरी वाचत जा, वेळ जाईल." ते म्हणायचे, "बघतो."

मित्रमैत्रिणींनो, मी आज त्यातली बेचाळीस पुस्तकं आणली आहेत. बाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. बेचाळिसांची कव्हरं मी काढली. एक तांत्रिक गोष्टही सांगते, कारण तुमच्या माळ्यांवरही अशी पुस्तकं असतील. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं, आणि ते शेजारच्या कागदालाही खातं. आपली हवा खारी आणि दमट, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. जपण्यासाठी म्हणून घातलेली वर्तमानपत्रं मुखपृष्ठांवर तपकिरी डाग पाडतात. तेव्हा ती काढा. आम्लविरहित कागद मिळतो, त्यात गुंडाळा, कोरड्या जागी उभी ठेवा, अधूनमधून वारा द्या. घाईने स्कॅन करून सगळ्या जगाला वाटू नका. लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात, अर्नाळकरांचे अजून बरेच दिवस आहेत. आपल्याला साधी गोष्ट करायची आहे : पुस्तकं जपायची आणि वाचायला द्यायची.

मुख्याध्यापकांना मी विनंती केली होती आणि त्यांनी लगेच हो म्हटलं, त्याबद्दल त्यांचे आभार. शाळेच्या वाचनालयात एक फळी मोकळी केली आहे. माझी एकच अट आहे. पुस्तकं पाठ दाखवून उभी लावू नका. निदान पहिली पाच-सहा तरी मुखपृष्ठ समोर करून ठेवा. ती हॅट, ते पिस्तूल, ती घाबरलेली बाई, मुळगावकरी गालावरचा तो उजेड, सगळं दिसू दे. मुलांना हसू आलं तर हसू द्या. त्यातल्या एखाद्याचा हात पुढे जाईल. मग त्याला फक्त एवढं विचारा, "कसं वाटलं?" आणि त्याने पान उघडेपर्यंत आपण काही बोलू नका.

ज्यांच्या घरी आणखी असतील त्यांनी आणून द्या. झुंजार असो, काळापहाड असो, की दुसऱ्या कुणाचं असो. कुणाची आजी, कुणाचे काका, कुणाचे ड्रायव्हर असलेले वडील ते वाचत असतील तर त्यांचं नाव आत पहिल्या पानावर लिहा. वाचक म्हणून लिहा.

त्रेचाळिसाव्या पुस्तकाचं कव्हर मी काढलेलं नाही. ते मी घरी ठेवलं आहे. त्यावर किल्लारीचा फोटो आहे आणि पाठीवर बाबांच्या हाताचा आकडा.

एक वाजायला दहा मिनिटं आहेत. जेवणाच्या रांगेत भेटूच.